बेबीनंदाच्या पट्ट्यातली मोकळी जागा

धावड्याच्या मल्हारीचे हात चालू लागले की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघत असे. आमचं धावडा अजिंठ्याच्या डोंगराला टेकून बसलेलं गाव. चराई डोंगरावर, आणि डोंगर सगळा दगडाचा. कोकराचा पाय दोन दगडांच्या फटीत जातो, कळप पुढं सरकतो, कोकरू आईच्या मागं जायला हिसका देतं आणि हाड मोडतं. असं झालं की धनगरवाड्यातला माणूस दुसरा विचार करत नसे. कोकरू खांद्यावर टाकून सरळ मल्हारीच्या दारात येई.

मल्हारी ते मांडीवर उताणं घेई, डोळे मिटी आणि पायावरून बोटं फिरवी. बोट मोडलेल्या जागी आलं की कोकराच्या आधी त्याच्याच तोंडून हुंकार निघे. मग तो हाड जुळवी, त्यावर लोकर गुंडाळी, लोकरीवर बांबूच्या कामट्या लावी आणि अंबाडीच्या दोरीनं बांधून टाकी. त्याची बांधणी बघावी अशी असे. कामटी आणि पाय यांच्यात तो दाणाभर पोकळी ठेवत नसे. पाय जिथं बारीक तिथं लोकरीचा थर जास्त, जिथं सांधा तिथं कमी. पोकळी राहिली की हाड हलतं आणि वाकडं बसतं, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापानं.

"बांधल्यावर वरडलं तर समजायचं, बांधणाराचं चुकलं," तो म्हणायचा. "गप बसलं म्हंजे बराबर बसलं. जनावर खोटं बोलत न्हाई."

अभिमान होता त्याला, आणि तो असावा असंच काम होतं. पंचक्रोशीतली किती मेंढरं त्याच्या हातानं पुन्हा डोंगर चढली असतील.

आसराबाई त्याची बायको. दोन लेकरं पाळण्यातच गेल्यावर त्यांना मुलगी झाली, तिचं नाव बेबीनंदा. पोर मोठी चुणचुणीत. बापाच्या मागं डोंगरावर जायची, शाळेत जायची, विहिरीवर जायची, आणि जिथं जाईल तिथं बोलत असायची. ती बारा वर्षांची होत आली त्या उन्हाळ्यात, एकोणनव्वद सालातली गोष्ट, आसराबाई तिला न्हाऊ घालत होती. पाठीवर पाणी ओतता ओतता तिचा हात थांबला.

"अवो, जरा हिकडं या," तिनं हाक मारली. "हिचा उजवा फरा बघा बरं. असा वर का आलाय?"

मेंढराच्या खांद्याच्या चपट्या हाडाला आमच्याकडं फरा म्हणतात. पोरीच्या पाठीवर उजवीकडचं ते हाड पंखासारखं उचललं होतं. वाकायला सांगितलं तर उजव्या बरगड्या उंचवट्यासारख्या वर येत होत्या आणि डावीकडं खोलगट दिसत होतं. कमरेची एक बाजू सरळ, दुसरीला घडी.

गावानं आपली मतं दिली. कुणी म्हणालं, एकाच कडेवर घागर घेती म्हणून. कुणी म्हणालं, दप्तराचं ओझं. मल्हारीचा चुलतभाऊ सांडू, जो त्याच्याबरोबर मेंढ्या हिंडवायचा, तो म्हणाला, "आरं, घरात एवढा मोठा वैद्य असताना गाव कशाला इचारतो? लाव की कामट्या!"

मल्हारी हसला नाही. त्यानं पोरीला पाठमोरी बसवली, डोळे मिटले आणि मानेपासून कमरेपर्यंत मणक्यावरून बोट खाली आणलं. बोट सरळ आलंच नाही. आधी उजवीकडं गेलं, मग परत फिरून डावीकडं आलं. त्यानं पुन्हा एकदा तसंच केलं. मग डोळे उघडले.

"हे मोडलेलं न्हाई," तो म्हणाला. "वाढता वाढता वळलंय. हे माझ्या हातातलं काम न्हाई. औरंगाबादला नेऊ."

दुसऱ्या एखाद्यानं तेल चोळत दोन वर्षं घालवली असती. त्यानं पंधरवड्यात दोन मेंढे विकले आणि तिघं जण एसटीनं औरंगाबादला गेली.

तिथं हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडाच्या पेटीवर लावला. काळ्या फिल्मवर बेबीनंदाचा कणा पांढऱ्या वेलासारखा वळत गेलेला दिसला. डॉक्टर सावकाश आणि स्वच्छ बोलले. पोर अजून वाढीला आहे, ती दोन-तीन वर्षं तरी वाढेल. कणा जितका वाढेल तितका वाकेल. तो आत्ता धरून ठेवला तर ती आयुष्य सरळ काढील. नाही धरला तर बरगड्या आत वळतील, फुप्फुसाला जागा उरणार नाही, आणि पुढं तिला श्वास पुरणार नाही. धरून ठेवायला एक पट्टा मिळतो, तो तिच्याच मापानं करावा लागेल. आंघोळ सोडली तर दिवसरात्र अंगावर. वाढ संपेपर्यंत.

"रात्रीबी?" आसराबाईनं विचारलं.

"रात्रीसुद्धा. झोपेत काही कणा वाढायचा थांबत नाही."

पट्टा करणारा दवाखान्यामागच्या गल्लीत होता. मच्छिंद्र मिस्तरी. पोलिओ झालेल्या पोरांचे लोखंडी कॅलिपर, तुटलेल्या पायांना रबरी पाय, हे त्याचं रोजचं काम. दुकानात चामडं, सळया, प्लास्टरची पोती, आणि खुंट्यांना टांगलेले लहानमोठे पाय. बेबीनंदा आधी भ्याली, मग तिनं एका पायाला बोट लावून बघितलं.

मच्छिंद्र मूळचा घनसावंगीचा निघाला. धावड्याचे धनगर म्हटल्यावर त्याचा चेहरा फुलला.

"आमच्या रानात दर साली तुमच्याकडच्या मेंढ्या बसायच्या, मामा. लेंड्यांचं खत व्हायचं रानाला. माझा बाप ज्वारी मोजून द्यायचा अन् आमी पोरं कोकरांच्या मागं पळायचो."

त्यानं आसराबाईला जवळ उभं केलं. पोरीला अंगाला चिकटून बसणारी पातळ सुती बंडी घालायला दिली आणि वरच्या आडव्या दांडीला हात धरायला लावले. मग ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या काखेपासून कमरेच्या खालपर्यंत गुंडाळत गेला.

"गार लागून राह्यलं," बेबीनंदा हसू लागली.

"हसू नको, साचा हलंल. थांब जरा, गरम व्हईल."

"माय! खरंच गरम झालं!"

प्लास्टर घट्ट झाल्यावर त्यानं ते समोरून कापलं आणि सीताफळाची साल उघडावी तसं उघडून तिला बाहेर काढलं. आता या साच्यात प्लास्टर ओतायचं, म्हणजे पोरीच्या अंगाचा पुतळा तयार होतो. त्या पुतळ्यावर कानशीनं काम करायचं, जिथं दाब द्यायचा तिथं घासायचं. शेवटी भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक त्याच्यावर बसवायचं. हे सगळं मच्छिंद्र हात पुसत पुसत सांगत होता आणि मल्हारी कान देऊन ऐकत होता.

"म्हंजे दर लेकराला येगळा पट्टा?"

"येगळाच. सख्ख्या बहिणीचा बहिणीला बिलकुल चालत न्हाई."

"आमच्या कामट्याबी तशाच," मल्हारी म्हणाला, आणि त्यानं आपली कोकरं बांधायची रीत सांगितली. मच्छिंद्रानं हातातलं काम ठेवून ती ऐकली.

"मंग तुमी-आमी एकाच धंद्यातले की, मामा!"

हे ऐकून मल्हारीला किती बरं वाटलं, ते गावी आल्यावर सगळ्या वाड्यानं ऐकलं. औरंगाबादचा मिस्तरी आपल्याला धंदाबंधू म्हणाला, हे तो सांडूला तीन तऱ्हांनी सांगत होता.

आठवड्यानं ती पुन्हा गेली. पट्टा तयार होता. पांढरा, गुळगुळीत, मागं तीन बंद. आत उजव्या बाजूला, जिथं बरगड्या वर आल्या होत्या तिथं, तळहाताएवढी टणक उशी. मच्छिंद्रानं पट्टा चढवला, गुडघा टेकवून बंद ओढले. बेबीनंदाचा श्वास क्षणभर अडला, मग तिनं मान उंच केली. त्याच घडीला ती बोटभर उंच दिसली.

मल्हारीचा हात आपोआप पट्ट्यावरून फिरू लागला. उजवी बाजू चपखल होती. डाव्या बाजूला, काखेच्या खाली, त्याची बोटं आत गेली. मग सगळी मूठच आत गेली. तिथं पट्टा अंगाला लागतच नव्हता.

त्यानं मच्छिंद्राकडं बघितलं. मच्छिंद्र बंदांची टोकं कापत होता. मल्हारीनं हात बाहेर काढला आणि गप्प राहिला.

आमच्या माणसांची एक रीत आहे. कारागिराच्या तोंडावर कारागिरानं त्याची खोट काढू नये. घोंगडी विणणाऱ्याच्या हातून धागा सुटला तर दुसरा विणणारा ती तिथं दाखवत नाही, घरी नेऊन आपल्या हातानं ओवून टाकतो. समोरच्याची इज्जत राहते आणि घोंगडीही. मल्हारी त्याच रीतीत वाढला होता. आणि मच्छिंद्रानं बाकी सगळं सांगितलं. आत रोज धुतलेली बंडी घालायची, कातडी लाल झाली तर स्पिरिट लावायचं, पण पट्टा काढायचा नाही, पहिले काही महिने दुखणारच, तीन-तीन महिन्यांनी दाखवायचं. त्या मोकळ्या जागेबद्दल तो काही बोलला नाही. इतक्या वर्षांत त्या जागेला कुणी हात लावला नव्हता, मग सांगायचं कसं सुचणार?

शाळेत पोरांनी तिचं नाव डबा ठेवलं. मागून येऊन पट्ट्यावर टकटक करायची आणि विचारायची, "डब्यात काय आणलं गं?"

"तुझ्या बापाचं डोस्कं!" ती म्हणायची, आणि पळता येत नव्हतं म्हणून तिथंच उभी राहून धपाटा घालायची. घरी आल्यावर मात्र आईच्या मांडीवर तोंड खुपसून रडायची. उशी टोचायची. रात्री कुशीवर वळता यायचं नाही. तरी तिनं पट्टा काढला नाही. दसऱ्याच्या सुमारास ती दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरांनी नवा फोटो जुन्या फोटोशेजारी लावला. वेल बराच सरळ झाला होता.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "अशीच दोन वर्षं काढ. जिंकलीस."

आसराबाईनं त्या फोटोला हात जोडले.

दिवाळी झाली की आमची बिऱ्हाडं निघतात. डोंगरावरचा चारा वाळतो, मग कळप घेऊन खाली गोदावरीकडं जायचं, वावरावावरात मेंढ्या बसवायच्या आणि उन्हाळा सरता सरता परत यायचं. त्या साली बेबीनंदालाही बरोबर घेतलं, पट्ट्यासकट मागं कुणापाशी ठेवणार? ती चालायची, दमली की घोड्यावर सामानाच्या मधे बसायची. हसनाबाद गेलं, जालना गेलं, अंबड गेलं. घनसावंगीच्या उसाच्या रानांत पोहोचेपर्यंत उशीखालची कातडी लालभडक झाली होती. घोड्याच्या प्रत्येक पावलाला ती ओठ चावायची. रात्री वाघरीच्या जाळीत मेंढ्या कोंडल्या की तिचं कण्हणं सुरू व्हायचं, बारीक, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

मल्हारीला ते ऐकू जायचं. आयुष्यभर त्यानं तोच आवाज ऐकला होता.

"मिस्तरी म्हणला व्हता दुखंल म्हून," आसराबाई म्हणाली.

"दुखनं येगळं अन् हे येगळं. बांधणी हलून राह्यली. डावीकडं सगळी पोकळ हाय, म्हून पोर एका बाजूनं रेटली जाती अन् उजवीकडं उशी रुतती. पहिल्याच दिवशी माझ्या हाताला कळलं व्हतं."

"मंग तवाच का बोल्ला न्हाई?"

"लाखाचा माणूस हाय तो. त्याच्या दुकानात त्याला कसं बोलू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं कोकरांची पहिली लोकर काढली. जावळ म्हणतात तिला, कापसाहून मऊ. ती धुतली, उन्हात वाळवली, पिंजली. जुन्या घोंगडीचा तुकडा घेऊन त्यात ती भरली आणि पट्ट्यातल्या त्या मोकळ्या जागेच्या आकाराची गादी शिवली. जिथं खोल तिथं जाड, कडेला पातळ. चार वेळा घालून बघितली, चार वेळा टाके उसवले. उजवीकडच्या उशीवरही त्यानं जावळाचा एक थर दिला. मग प्लास्टिकला तापवलेल्या सुईनं बारीक भोकं पाडून गादी आतून टाचून टाकली. पट्टा आता चारी बाजूंनी अंगाला लागत होता. बोट सोडा, गवताची काडी जायला जागा नव्हती.

"कसं वाटतं गं?"

बेबीनंदानं हात हलवून बघितले, वळून बघितलं, आणि तिचे डोळे भरून आले. "आबा, कायबी टोचत न्हाई!"

सांडूनं पट्टा हातात घेऊन उलटापालटा केला. "मल्हाऱ्या, तुझं शिवण बघून मिस्तरी तुला दुकानात ठिवून घील, बघ."

"जाऊ तवा दिसंल त्याला," मल्हारी म्हणाला. "त्याचं तोच समजून घील."

पोर झोपू लागली. अंग भरलं, गाल वर आले. पट्टा तर ती आता काढ म्हटलं तरी काढत नव्हती. दाखवायची तारीख आली तेव्हा ती घनसावंगीलाच होती. तिथून औरंगाबादला बस होती, पण मेंढ्या वितीला आल्या होत्या, रोज नवी कोकरं होत होती, आणि पोरीची काहीच तक्रार नव्हती. ओरडत नाही म्हणजे बरोबर बसलंय. पुढची तारीखही अशीच गेली. चैत्रात तिला न्हाण आलं. आसराबाईनं तिची ओटी भरली. पाऊस लागायच्या आत बिऱ्हाड धावड्याला आलं. गावातल्या बाया म्हणाल्या, "किती मोठी झाली गं!" पट्टा खरंच आखूड पडू लागला होता, काखेत लागत होता. श्रावणात, नवा पट्टा करायला म्हणून, तिघं औरंगाबादला गेली.

मच्छिंद्रानं हसून स्वागत केलं. "काय डबेवाल्या बाई! लई दिसांनी?" त्यानं बंद सोडले, पट्टा हातात घेतला, आणि आत बघितलं.

त्यानं गादीवरून बोट फिरवलं. टाके अगदी एकसारखे होते.

"हे कुनी केलं?"

"मीच केलं," मल्हारी म्हणाला. आवाजात जपून ठेवलेला आनंद होता. "तुमची तेवढी जागा राह्यली व्हती. तुमाला वाईट वाटंल म्हून तवा बोल्लो न्हाई."

मच्छिंद्र हातातला पट्टा घेऊन स्टुलावर बसला.

"मामा, ती राह्यली नव्हती. ती मी ठिवली व्हती."

त्यानं पट्टा उभा धरून आधी उशीवर बोट ठेवलं.

"इकडून उशीनं ढकलायचं. ढकलल्यावर पोरीनं जायचं कुठं? तिकडं. म्हून तिकडं जागा. पुतळ्यावर त्या बाजूला भर घालून मी ती मुद्दाम काढतो. ती जागा हाय म्हून कणा सरकतो. ती भरली की मंग..." त्यानं पुढं बोलायचं सोडलं आणि पोरीकडं बघितलं.

पुढचं सांगायची गरजही नव्हती. आसराबाई अजून दोघांच्या तोंडाकडं बघत होती, काय झालं हे तिला उमजत नव्हतं. मल्हारीला मात्र सगळं एका क्षणात कळलं. हाताला कळलं. तो दुसरा कुणी असता तर त्याला दोनदा समजवावं लागलं असतं, त्यानं वाद घातला असता, आणि त्यात थोडा वेळ तरी गेला असता. त्याला तेवढाही वेळ मिळाला नाही. त्यानं आपले दोन्ही हात धोतराला पुसले, जणू काही लागलं होतं, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

फोटोत वेल पहिल्यापेक्षा जास्त वळला होता. नऊ महिने पोरीनं इमानानं पट्टा घातला होता, आणि सरकायला जागा न उरलेल्या त्या पट्ट्यात तिचा कणा वाकतच वाढला होता. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, पोर वयात आली, उंची जवळजवळ संपली, आता पट्ट्याचा उपयोग नाही. मुंबईला ऑपरेशन होतं. कण्याला लोखंडी सळई लावतात. बहुतेकांचं चांगलं होतं. एखाद्याचे पाय जातात. जितक्या लवकर तितकं बरं.

"बोला," डॉक्टर मल्हारीला म्हणाले. "चिठ्ठी देऊ मुंबईची?"

कोकराचा पाय मोडला तर क्षणात ठरवणारा तो माणूस.

"इचार करून सांगतो," एवढंच त्याच्या तोंडून आलं.

तो विचार कधी संपला नाही. घरी आल्यावर आसराबाईनं त्याला रोज छेडलं. "अवो, व्हय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा. मेंढरासाठी रातीचं उठून जाता अन् लेकीसाठी तोंड उघडंना?"

"माझा हात लागला की वाकडं व्हतं. मी व्हय म्हणलो अन् तिचे पाय गेले तर?"

"अन् न्हाई म्हणले तर?"

"मला इचारू नको, आसरे. दुसऱ्या कुणालाबी इचार."

दुसरं कोण होतं? आसराबाईनं आयुष्यात नवऱ्याला डावलून काही ठरवलं नव्हतं. तिनं पोरीला विचारलं. तेरा वर्षांची पोर म्हणाली, "आबा म्हणतील तसं." सांडू म्हणाला, "मी येतो मुंबईला संगं." तेही तसंच राहिलं.

थंडीत मच्छिंद्र स्वतः धावड्याला आला. भोकरदनहून जीपच्या मागं लोंबकळत, धुळीनं पांढरा होऊन. भाकरी-ठेचा खाल्ला आणि हात धुतल्यावर म्हणाला, "मामा, चूक माझीबी हाय. मी सांगायला पायजे व्हतं."

"तुमी कशाला सांगताल?" मल्हारी म्हणाला. "जाणत्या माणसाला कुनी सांगतं का? तुमी मला जाणता समजले."

"झालं ते झालं. आता जल्दी करा. मी ओळख काढतो मुंबईला. खर्चाचंबी बघू."

"बघू," मल्हारी म्हणाला.

मच्छिंद्र गेला. पुढच्या साली डॉक्टरांची बदली झाली. त्याच्या पुढच्या साली मल्हारीच्या दारात कोकरू घेऊन माणूस आला, तसा त्यानं त्याला परत पाठवला. "हात सुटला माझा," तो म्हणाला. लोकांना वाटलं, म्हातारा झाला. तो पन्नाशीचाही नव्हता.

बेबीनंदानं शाळा सोडली आणि शिवण शिकली. तिच्या पाठीवर आता उजवीकडं चांगलाच उंचवटा होता, एक खांदा कानाजवळ आला होता. स्वतःचं पोलकं ती असं बेतायची की लांबून कळू नये. गावातल्या बाया तिच्याकडंच यायच्या, कारण कुणाच्या अंगात काय कमी-जास्त आहे हे ती न सांगता ओळखायची, आणि जिभेनं त्यांना हसवून सोडायची. एकदा एक बिजवर तिला बघायला आला. तो गेल्यावर बायांनी विचारलं, कसा आहे?

"कुनाला म्हाईत! तोंड दिसलंच न्हाई त्याचं. सारखा माझ्या मागूनच फिरत व्हता."

बाया हसून लोळल्या. आतल्या खोलीत आसराबाई पदर तोंडाला लावून बसली होती.

विशी ओलांडली आणि डॉक्टरांचं बोलणं खरं होऊ लागलं. पायमशीन चालवताना तिला धाप लागायची. तिनं हातमशीन घेतलं. मग विहीर लांब वाटू लागली, मग वेस. भोकरदनच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून बघितलं आणि ऑपरेशनचा काळ गेला, असं सांगितलं. मल्हारीनं मान डोलावली. त्याला हे कुणी सांगायला नको होतं.

या सगळ्या वर्षांत बापलेक त्या गादीविषयी एक शब्द बोलले नाहीत. तो तिच्यासमोर बसायचा, पाठीमागं कधी नाही. तिची पाठ दिसेल अशा जागी तो थांबतच नसे. हे तिच्या लक्षात आलं नसेल असं नाही.

दोन हजार एक साली, कार्तिकात, मल्हारी गावाला लागूनच असलेल्या पडीत रानात मेंढ्या चारत होता. लांब जाणं त्यानं सोडलं होतं. दुपारी बेबीनंदा हळूहळू चालत, दोन ठिकाणी थांबत, तिथं आली. बाभळीच्या सावलीत बसून तिनं आधी श्वास जागेवर आणला.

"एवढं चालत कशाला आली?"

"घरात मन लागंना." ती जरा वेळ मेंढ्यांकडं बघत राहिली. "आबा, एक बोलू का? रागवू नका."

"बोल."

"घनसावंगीच्या त्या साली मला लई झोप यायची. आठवतं का? मेंढ्या कोंडल्या की तुमी येऊन माझ्या पट्ट्याच्या कडेनं बोट फिरवून बघायचे, कुठं रुतलं का म्हून. मी जागीच असायचे, डोळे मिटून पडायचे. तेवढी गाढ झोप मला जन्मात कधी आली न्हाई. माय म्हणती, त्या सालाचं नाव काढू नको. मला तर तेच साल आठवतं."

मल्हारीनं विचारलं,

"अन् आता? आता लागती का झोप?"

"लागती की." ती सहज म्हणाली. "बसून लागती. आडवं झालं की दम कोंडतो. भिंतीला टेकून बसलं की लागती थोडी."

हे त्याला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून त्याला माहीत नव्हतं. आसराबाईनं लपवलं होतं, का त्यानंच बघायचं टाळलं होतं, कोण जाणे. तो उठला. तिच्या मागं गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या पाठीमागं बसला. आपली पाठ त्यानं तिच्या पाठीला लावली.

"टेक," तो म्हणाला.

ती टेकली. आधी बिचकत, मग सगळा भार टाकून. तिच्या बरगड्यांचा उंचवटा त्याच्या पाठीत रुतला. तिचा श्वास वर वर चालला होता. तो हळूहळू खाली आला, लांब झाला, एकसारखा झाला. झोपेनं तिची मान एका बाजूला कलली.

थोड्या वेळानं मेंढ्या बांध ओलांडून शेजारच्या पऱ्हाटीत शिरल्या. वेचणीला आलेला कापूस होता. पलीकडच्या वावरातून सांडू बोंबलू लागला.

"आरं ए मल्हाऱ्या! मेला का काय? मेंढ्या शिरल्या की कापसात! हाकल, हाकल त्यांना!"

मल्हारीनं ते ऐकलं. मेंढ्या पाहिल्याही. सांडू काठी उगारून धावत आला, शिव्या देत मेंढ्या बाहेर काढल्या आणि बाभळीखाली येऊन अजून चार शिव्या द्यायला त्यानं तोंड उघडलं. मग समोरचं बघून त्यानं ते मिटलं. मल्हारी ताठ बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे उघडे, आणि श्वासही असा जपून घेत होता की पाठ हलू नये.